ओहिपला आपले डोळे दिसत नाहीत का?

आल्याचा_चहा (मिसिसागा)

मंडळी, एक शंका आहे आणि थोडी चिडचिडही. दोन्ही इथेच ओततो.

आई (वय ६८) माझ्याकडे असते. पीआर (कायमची रहिवासी) आहे, ओहिपचं, म्हणजे कॅनडातल्या आपल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारी आरोग्यविम्याचं, हेल्थ कार्ड आहे. गेल्या वर्षी तिचे डोळे तपासले तेव्हा एक डॉलरही लागला नव्हता. परवा पुन्हा घेऊन गेलो, कारण टीव्हीखालची पट्टी वाचताना ती मान तिरकी करते हे बायकोच्या लक्षात आलं. काउंटरवरच्या मुलीने कार्डाचा नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "मागच्या तपासणीला तेराच महिने झालेत. अठरा व्हायला हवेत. आज करायची तर १३० डॉलर."

आईचं इंग्रजी बेताचं, पण "हंड्रेड थर्टी" तिला बरोबर कळतं. अर्धा काढलेला कोट तिने पुन्हा चढवला. "चल. मे महिन्यात पुण्याला जायचंच आहे, लक्ष्मी रोडला नंबर काढून घेईन. तिथे फुकट काढतात." बाहेर उणे चौदा, गाडी पार्किंगच्या पार त्या टोकाला. घरी आल्यावर बीपीची-शुगरची गोळी घेतली आणि मालिका लावली. पुन्हा मान तिरकी.

तर प्रश्न असे. हे अठरा महिने कुठून आले? आधी वर्षाला एकदा होतं ना? आणि मी ४३ चा, मला तर ओहिप डोळ्यांसाठी छदामही देत नाही. गुडघा दुखला तर कार्ड दाखवा, डोळा म्हटलं की पाकीट काढा. डोळा शरीरात मोडत नाही का?

नायगराकर

हो, आधी वर्षाला एकदा होतं. १ सप्टेंबर २०२३ पासून ६५ आणि पुढच्यांना १८ महिन्यांतून एक मोठी तपासणी आणि मध्ये लागल्या तर दोन छोट्या, असा नियम झाला. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना अजूनही दर १२ महिन्यांनी मिळते.

तुझं-माझं दुखणं त्याहून जुनं. २० ते ६४ वयाची नेहमीची नेत्रतपासणी १ नोव्हेंबर २००४ ला ओहिपमधून काढली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कायरोप्रॅक्टरही (पाठीचे मणके बसवणारा) गेला. मी तेव्हा नुकताच आलो होतो. ऑक्टोबरभर ऑप्टोमेट्रिस्टकडे (डोळे तपासून नंबर काढणारे, ऑपरेशन न करणारे) ही गर्दी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पंजाबी काकांनी शेवटच्या शनिवारी घरातल्या सहाही जणांचे डोळे तपासून घेतले. त्यातल्या चौघांना चष्माच नव्हता.

गाळलेली_ओळ

दात आणि डोळे गाडीच्या टॉप मॉडेललाच मिळतात. आपण सगळे बेस मॉडेल.

लेकशोर_लता

या अठरा महिन्यांमागे एक भांडण आहे. २०२१ मध्ये १ सप्टेंबरपासून इथल्या ऑप्टोमेट्रिस्ट लोकांनी ओहिपचे पेशंट बघणंच थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की सरकार एका तपासणीचे सरासरी ४४-४५ डॉलर देतं, १९८९ मध्ये ३९ देत होतं, म्हणजे तीस वर्षांत पाच डॉलरची वाढ. आणि गंमत अशी की ओहिपमध्ये बसणाऱ्या पेशंटकडून वरचे पैसे घ्यायला कायद्याने बंदी. मी द्यायला तयार, ते बघायला तयार, तरी तपासणी नाही!

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. शाळेतून चिठ्ठी आली, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून. तो तिशीचा असता तर पैसे मोजून त्याच दिवशी आत गेला असता. सातचा होता, त्याची तपासणी 'फुकट' होती, म्हणून बाहेर. २३ नोव्हेंबरला त्यांनी आंदोलन थांबवलं, आमचा नंबर डिसेंबरात लागला. दोन्ही डोळे उणे अडीच. तीन महिने पोरगं शाळेत आंधळी कोशिंबीर खेळत होतं.

२०२३ मध्ये समझोता झाला, त्यांचे दर वाढले, आणि त्याच फेऱ्यात म्हाताऱ्यांचे बाराचे अठरा झाले. वाढीव दर कुणाच्या खिशातून गेला ते समजा.

रोखठोक

न आवडणारं मत मांडतो, शिव्या रांगेने द्या.

दोन वर्षांतून एकदा १३० डॉलर म्हणजे महिन्याला साडेपाच. एवढी आपली कॉफी होते. बहुतेकांना नोकरीतून व्हिजन बेनिफिट असतं, नसलं तर वैद्यकीय खर्च म्हणून टॅक्समध्ये दाखवता येतं. इथे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लोक महिनोन्‌महिने थांबलेत आणि आपण धडधाकट माणसाच्या चष्म्याच्या नंबरासाठी रडतोय. पैसा मर्यादित असेल तर आधी आजारी माणूस. २००४ चा निर्णय मला तरी पटतो.

रात्रपाळी (ब्रॅम्प्टन)

रोखठोकभाऊ, टॅक्सचं म्हणाल तर तो खर्च निव्वळ उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या वर गेला तरच धरतात. माझ्या ४० हजारांचे ३ टक्के १२०० डॉलर. तुमचे १३० दारातच अडकले.

मी एजन्सीतर्फे गोदामात आहे, बेनिफिट वगैरे काही नाही. फोर्कलिफ्ट चालवतो. वरच्या रॅकवरचं लेबल खालून वाचता येत नाही, म्हणून मोबाइलने फोटो काढतो आणि झूम करून वाचतो. सुपरवायझरला वाटतं मी प्रत्येक पॅलेटचा रेकॉर्ड ठेवतो. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

गाळलेली_ओळ

रात्रपाळी, चष्मा घेऊ नकोस. प्रमोशन जाईल.

रोखठोक

रात्रपाळी, मान्य. तुमच्यासारख्यांसाठी सोय हवी. उत्पन्नावर ठेवा ना मग, वयावर कशाला? सत्तर वर्षांच्या लक्षाधीशाला फुकट आणि तुम्हाला नाही, हे मलाही खटकतं. सामाजिक मदतीवर असलेल्या मोठ्यांना २४ महिन्यांतून एकदा मिळते म्हणतात, पण तुम्ही कमावताय म्हणून त्यातही नाही.

पांढरा_कोट (फॅमिली डॉक्टर, हॅमिल्टन)

दोन्ही पक्षांना थोडं थोडं दुखावतो.

किती वर्षांनी तपासावं यावर डोळेवाल्यांचंच एकमत नाही. ऑप्टोमेट्रिस्टांची संघटना सांगते: २० ते ३९ ला दोन-तीन वर्षांनी, ४० ते ६४ ला दोन वर्षांनी, ६५ नंतर दरवर्षी. नेत्रतज्ज्ञांच्या, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या, संघटनेने २००७ मध्ये तक्रार आणि जोखीम नसलेल्यांसाठी सांगितलं ते असं: चाळिशीपर्यंत निदान दहा वर्षांतून एकदा, ४१ ते ५५ पाच वर्षांतून, ५६ ते ६५ तीन वर्षांतून, पुढे दोन वर्षांतून. एक म्हणतो बारा महिने, दुसरा चोवीस, आणि सरकार अठरावर. मंडईत कोथिंबिरीची जुडी अशीच ठरते.

अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा टास्क फोर्सनेही २०२२ मध्ये म्हटलं की तक्रार नसलेल्या सगळ्यांची काचबिंदूसाठी चाळणी लावावी की नाही, याला पुरावा अपुरा आहे. म्हणजे रोखठोक यांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही.

आता दुसरी बाजू. काचबिंदू दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेने कुरतडली जाते आणि मधलं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. त्यामुळे तक्रार घेऊन कुणी येतच नाही. तो सापडतो 'नेहमीच्या' तपासणीत, म्हणजे यादीतून काढलेल्या त्याच तपासणीत. मधुमेहाने पडद्यावर होणारं नुकसानही सुरुवातीला असंच मुकं असतं.

आणि कायद्याचं म्हणाल तर कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट (१९८४) मुख्यतः डॉक्टर आणि हॉस्पिटल यांच्याभोवती बांधलेला आहे. ऑप्टोमेट्रिस्ट त्या चौकटीबाहेर, म्हणून प्रांतागणिक वेगळा हिशेब. याचा उलटा फायदा असा: डोळ्याची खरी तक्रार असेल तर फॅमिली डॉक्टरकडे या. आम्ही नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं तर वय २३ असो की ४३, बिल ओहिपच भरतं. रांग मोठी आहे, हे मात्र खरं. आणि अचानक काजवे चमकायला लागले, काळे ठिपके वाढले, नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर थेट इमर्जन्सी. तिथे महिने मोजत बसू नका.

मध्येच_बोलतो

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, रोज काजवे चमकतात. घेतील का इमर्जन्सीत?

पांढरा_कोट

सहा तास खुर्चीवर बसवून ठेवतील. घरचे काजवे बरे.

ग्लासगोची_गोधडी

जळवायला आले आहे. स्कॉटलंडमध्ये एप्रिल २००६ पासून सगळ्यांची नेत्रतपासणी एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, फुकट. वय नाही, उत्पन्न नाही, काही विचारत नाहीत. मी ३८ ची, दोन वर्षांतून एकदा जाते. चष्म्याचे पैसे मात्र घसघशीत लागतात.

इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे १९८९ मध्ये सरसकट फुकट तपासणी बंद केली आणि १९९९ मध्ये साठीच्या पुढच्यांना परत दिली. मुलं, मधुमेहवाले, काचबिंदूवाले यांना आहेच. आणि एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते: आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला काचबिंदू असेल आणि तुम्ही चाळिशी ओलांडलेली असेल तर तुमची तपासणीही फुकट. पांढरा_कोट म्हणतात तो मुका आजार घराण्यात फिरतो, हे तिथे कागदावर धरलंय.

कांगारू_काका

मेलबर्नहून हजेरी. मेडिकेअरमधून (इथला सरकारी आरोग्यविमा) ६५ च्या आतल्यांना तीन वर्षांतून एकदा, पुढच्यांना वर्षाला. २०१५ च्या आधी आम्हालाही दोन वर्षांतून मिळायची. कात्री सगळीकडे फिरते हो.

हळदीचं_पेव (सांगली)

तुम्ही अठरा महिन्यांवर भांडताय, इकडचं ऐका.

बाबांनी सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलं. पाच लाखांचं. लॅमिनेट केलं, खिशात ठेवून आठवडाभर गावभर दाखवलं. मग डोळ्यांच्या खासगी दवाखान्यात गेले आणि पत्ते खेळताना हुकूम टाकतात तसं ते काउंटरवर टाकलं. तिथली बाई म्हणाली, "आजोबा, हे अ‍ॅडमिट झालात तर." बाबा म्हणाले, "डोळे तपासायला अ‍ॅडमिट करून घ्या मग."

विनोद सोडा, पण गोची हीच आहे. आयुष्मान काय किंवा आपली महात्मा फुले योजना काय, दोन्ही आतमध्ये होणाऱ्या उपचारांसाठी. नुसती ओपीडीतली तपासणी त्यात नाही. म्हणजे ऑपरेशनचे पैसे मिळतील, ऑपरेशनची वेळ आली का हे बघण्याचे नाही.

पण दुसरं दार उघडं आहे आणि ते लोकांना माहीत नसतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासूनचा. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. बाबांना शेवटी तिथे नेलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि भिंतीकडेच्या बाकावर बसवलं. अकरा म्हातारे ओळीने डोळे मिटून. त्यातले दोघे कुणाचा मोतीबिंदू आधी पिकला यावरून डोळे न उघडता भांडत होते. पावणेदोन तास गेले, पैसा एकही नाही.

सदाशिव_पेठी

धाग्याचा खरा विषय राहूनच गेला. "पुण्याला जाणारच आहे, लक्ष्मी रोडला नंबर काढून घेऊ" ही परदेशस्थ मराठी माणसाची जगातली सर्वांत मोठी आरोग्यविमा योजना आहे. प्रीमियम एक विमानाचं तिकीट. कव्हर चष्मे तीन, फ्रेम पाहुण्यांच्या पसंतीने.

मध्येच_बोलतो

आणि दुकानदाराचं "उद्या संध्याकाळी सातला या", आणि आपलं विमान पहाटे मुंबईहून. मी एकदा एक्स्प्रेसवेच्या फूडमॉलवर मेहुण्याकडून चष्म्याची डिलिव्हरी घेतली आहे.

तिरपा_कटाक्ष

हसून झालं असेल तर एक सांगते.

माझे मामा, पुण्यातलेच. दर दिवाळीत चष्मा बदलायचे, शौकीन होते फ्रेमचे. दुकानात मशीनसमोर हनुवटी टेकवायची, ते फुग्याचं चित्र बघायचं, मग त्या जड फ्रेममध्ये भिंगं घालून "हे स्पष्ट का हे?" झालं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, मामा डोळ्यांची किती काळजी घेतात! बारा वर्षांत एकदाही कुणी त्यांच्या बाहुलीत थेंब घालून आत डोकावलं नव्हतं. दाब मोजला नव्हता. समोरचं स्वच्छ वाचायचे, त्यामुळे दुकानदाराची तरी काय चूक?

एक दिवस जेवताना डाव्या बाजूची वाटी सांडली. पुढच्या आठवड्यात परत डावीकडची. मामी ओरडली, "लक्ष कुठे असतं?" लक्ष होतं, डावीकडची नजर नव्हती. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. गेलेलं परत आलं नाही, उरलेलं थेंबांवर टिकवलंय.

नंबर काढणं आणि डोळे तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हीला "डोळे दाखवून आलो" म्हणतो, तिथे घोळ होतो. आल्याचा_चहा, आईंना मेपर्यंत थांबवू नका. १३० तर १३०.

सदाशिव_पेठी

तिरपा_कटाक्ष, विनोद मागे घेतो. माझे स्वतःचे 'डोळे दाखवणं' गेली नऊ वर्षं त्याच मशीनवर चाललंय. या आठवड्यात जातो.

आईबाबा_येताहेत

घाईत विचारतोय: सुपर व्हिसावर (मुलांकडे लांब मुक्कामाला येणाऱ्या आईवडिलांचा व्हिसा) येणाऱ्यांना काय? दोघेही ६५ च्या वर आहेत, मग १८ महिन्यांचा नियम लागू?

नायगराकर

नाही. सुपर व्हिसावाले ओहिपमध्येच नाहीत, वय कितीही असो. त्यांना किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा घ्यावाच लागतो आणि तो अचानकच्या दुखण्यासाठी असतो, नेहमीच्या तपासणीसाठी नाही. निघण्याआधी तिकडेच नीट तपासून घ्या, थेंब घालून, मशीनवाली नाही! चष्म्याचा कागद आणि जास्तीचा एक चष्मा बॅगेत. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बर्फात चष्मा पाडला, तो एप्रिलमध्ये सापडला.

बारीक_अक्षर (किचनर)

मी सहा वर्षं ऑप्टोमेट्रिस्टकडे काउंटरवर काम करते, म्हणून पहिल्यापासून वाचत होते. इतके प्रतिसाद झाले आणि मूळ पोस्ट कुणी नीट वाचली नाही, डॉक्टरसाहेबांनीही नाही. :)

"बीपीची-शुगरची गोळी घेतली." आईंना मधुमेह आहे ना?

असेल तर अठरा महिने त्यांना लागूच नाहीत. मधुमेह, काचबिंदू, मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) ऱ्हास असं काही असेल तर ६५ च्या पुढेही १२ महिन्यांतून एकदा मोठी तपासणी ओहिपमध्येच आहे. तेरा महिने झालेत, म्हणजे बसतात. आणि २० ते ६४ मधल्या मधुमेहींनाही ती मिळते, त्यामुळे इथे वाचणाऱ्या पन्नाशीच्या शुगरवाल्यांनी उगाच पैसे भरू नका.

स्क्रीनवर फक्त शेवटच्या तपासणीची तारीख दिसते, आजार दिसत नाही. विचारायला हवं होतं, तिने विचारलं नाही. सोमवारी सकाळी फोनवर आम्हीही कधीकधी विसरतो. फोन करताना पहिलं वाक्य हेच: "तिला डायबेटिस आहे." गोळ्यांची यादी बरोबर न्या. आणि पडद्याचा फोटो हवा का असं विचारतील, त्याचे पैसे वेगळे, तो ओहिपमध्ये नसतो. नको म्हणालात तर थेंब घालून बघतात. उन्हाचा चष्मा न्या, बर्फावरचा उजेड त्या दिवशी सहन होत नाही.

पांढरा_कोट

चूक कबूल. दिवसभर पेशंटना हेच विचारतो आणि इथे नजरेतून सुटलं. माझीच तपासणी बाकी आहे बहुतेक.

रोखठोक

बारीक_अक्षर यांचं सदस्यनाव आज सार्थकी लागलं.

आल्याचा_चहा

उशीर झाला, माफ करा. बारीक_अक्षरताई, तुमची पोस्ट वाचून माझ्या कानात उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. अकरा वर्षं शुगर आहे आईला. सकाळची गोळी मीच काढून देतो.

दुसऱ्या दिवशी फोन केला, तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "ओह, देन शी इज कव्हर्ड." पाच शब्द! गुरुवारी तपासणी झाली. पडदा स्वच्छ आहे, दाब ठीक. मोतीबिंदू धरायला लागलाय, उजव्यात जरा जास्त, म्हणून मान तिरकी. ऑपरेशनची आत्ता गरज नाही, नंबर बदललाय. पैसे शून्य.

तक्त्याचा किस्सा सांगायलाच हवा. आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. खालून दुसरी ओळ तिने घडाघडा म्हटली. डॉक्टर खूश. मग त्यांनी अक्षरं बदलली, तरी आईने तीच ओळ म्हटली. बाहेर आल्यावर मला म्हणते, "गेल्या वर्षीची पाठ होती रे." परीक्षेत कॉपी करणाऱ्यांना अंगठे धरून उभं करणारी बाई ही!

निघताना तिने काउंटरवरच्या मुलीला माझ्याकडे बोट दाखवून "हिज आइज ऑल्सो" म्हटलं आणि स्वतः जाऊन खुर्चीत बसली. त्यामुळे माझीही झाली तपासणी. चाळिशी लागलीये म्हणे. १३० डॉलर.

गाळलेली_ओळ

शेवटी काउंटरवरच्या मुलीने ते १३० डॉलर वसूल केलेच.